कप्तानाचा कोट

राजसीने प्लास्टिकचा पाइप दोन्ही पायांत घट्ट धरला आणि करवत चालवली. पांढरा भुगा फरशीवर सांडत होता. समोर पलंगावर मांडी घालून बसलेली शीला मोबाइलवरून नियम वाचून दाखवत होती.

"धातूचं काही चालणार नाही. टोकदार काही चालणार नाही. आणि माणसाच्या उंचीपेक्षा लांब वस्तू आत सोडत नाहीत."

"म्हणून तर दंड कापतेय. आत गेल्यावर जोडायचा. मध्ये सॉकेट बसवू."

"आणि गेटवरच्या माणसाने विचारलं तर?"

"सांगायचं, नळाचं काम करायला आलोय."

दोघी हसल्या. हेंद्रेपाड्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत गेली पाच वर्षं याच विषयावर बोलणं चाललं होतं. उल्हासनगरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला एका बाकावर बसल्या, तेव्हा शीलाच्या वहीच्या मागच्या पानावर राजसीला एका बाईचं चित्र दिसलं होतं: लांब कोट, अर्धा मुखवटा, हातात कंदील लावलेला दंड. समुद्रावर तरंगणाऱ्या शहराची ती जपानी ॲनिमेशन मालिका उभ्या वर्गात फक्त त्या दोघींनी पाहिली होती. चित्रातली बाई म्हणजे कप्तान ओरिहा. तिला दिशा सांगणारी, चष्मेवाली, कायम चिडलेली तेमाको. कोण कोण व्हायचं, हे त्याच दिवशी ठरलं. उंच शीला ओरिहा, बुटकी राजसी तेमाको. आणि मुंबईला दर डिसेंबरात अशा मालिकांच्या चाहत्यांचा जो मोठा मेळा भरतो, तिथे एकदा तरी दोघींनी त्या वेषात जायचं, हेही.

एकदा परीक्षा आली. एकदा मेळाच भरला नाही. मागच्या वर्षी सगळं तयार होतं, आणि शीलाचे बाबा गेले.

"कपडे तिथे जाऊन बदलायचे की इथूनच घालून निघायचं?" शीलाने विचारलं.

"तिथे. पण लवकर पोहोचायला हवं. बायकांच्या बाथरूमला ही मोठी रांग असते. आणि तुझे ते बूट नको घालूस, फरशी गुळगुळीत आहे, घसरशील."

"तुला काय माहीत?"

राजसीची करवत क्षणभर अडली. "लोक व्हिडिओ टाकतात ना," ती म्हणाली आणि पुन्हा कापू लागली.

दार ढकलून कुंदाकाकू आत आल्या. राजसीची आई. हातात कापडी पिशवी होती. भुगा बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"तेवीस वर्षांच्या घोड्या झालात गं, आणि अजून बाहुलाबाहुली. शीला, हे बाई अंजनाताईंना दे. दोन ब्लाउज आहेत आणि एका साडीला फॉल लावायचाय. घाई नाही म्हणावं."

"हो काकू."

"आणि पोहे केलेत, खाऊन जा."

शीलाने पिशवी उचलून आपल्या पर्सशेजारी ठेवली. तिची आई अंजना घरी मशीनवर काम करायची. उल्हासनगरच्या कारखान्यातून येणाऱ्या जीन्सची चेन लावणं, पट्टे शिवणं, आणि मधूनमधून ओळखीच्यांचे ब्लाउज. कुंदाकाकूंचे कपडे तिच्याकडेच यायचे. त्यात काही वावगं आहे, असं शीलाला आजवर वाटलं नव्हतं.

"कोट काढू?" काकू गेल्यावर तिने विचारलं.

"काढ ना. तुझाच आहे."

कोट वर्षभर इथेच होता. बाबा गेले त्या दिवसांत तो घरातून कधी हलला, शीलाच्या ध्यानातही आलं नव्हतं. नंतर विचारलं तेव्हा आई म्हणाली होती, "राजसीकडे ठेवलाय. आपल्या खोलीत जागा कुठे? तिच्याकडे नीट राहील." ते शीलाला पटलं होतं. खरं तर बरंच वाटलं होतं. त्या कोटाकडे बघायची ताकद तिच्यात वर्षभर नव्हती.

बाबा म्हणजे शंकरराव मास्टर. जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर. एका वेळी कापडाचा जाड थर कापणारा माणूस. पण हा एकच कोट त्यांनी घरी, जमिनीवर बसून कापला होता. उभं राहवत नव्हतं तेव्हा. पोटात पाणी भरायला लागलं होतं. दोन्ही मुलींना समोर बसवून त्यांनी मोबाइलवर ओरिहाला नीट न्याहाळलं होतं, पुढून, मागून, धावताना.

"ही बाई जहाजावर असते ना?"

"हो काका," राजसी म्हणाली होती.

"मग हिच्या कोटाला वारा लागणार. चित्र काढणाऱ्याने घेर कमी दिलाय. आपण खाली पसरत जाणाऱ्या बारा कळ्या टाकू."

कारखान्यातून आणलेलं पातळ निळं डेनिम. खडूची रेघ मारताना त्यांचा हात थरथरायचा, पण कात्री हातात आली की थरथर थांबायची. मध्ये दम लागला की भिंतीला टेकायचे. आईने रात्रपाळी केल्यासारखा कोट शिवला. शेवटची कळी जोडून झाली आणि दोनच दिवसांत त्यांना दवाखान्यात हलवावं लागलं. कोट अंगात घालून शीलाने त्यांना दाखवलाच नाही. घरी आल्यावर दाखवू, असं म्हणत राहिली.

कपाटातलं प्लास्टिकचं कव्हर तिने उतरवलं. डेनिमचा वास आला, आणि त्यात मिसळलेला दुसराही एक, गोडसर, अत्तरासारखा. राजसीच्या कपाटाचा असेल, असं म्हणून तिने एका बाहीत हात घातला, मग दुसऱ्या. आरशासमोर उभी राहिली. खांद्यावर कोट असा बसला, जणू कोणी मागून दोन्ही हात ठेवले.

तिने कॉलर उभी केली, ओरिहाची असते तशी. तेव्हा डाग दिसला.

कॉलरच्या आतल्या बाजूला, मानेला लागतो तिथे, लांबट, गुलाबीसर, सुकून तडकलेला. शीलाने नखाने खरवडला. नखाखाली भुकटी आली. फाउंडेशन. तिच्या हाताच्या रंगावर ती भुकटी पिठासारखी दिसत होती. मग तिने कंबरेला चाचपलं. दोन्ही बाजूंना आतून कच्चे टाके होते, कोणीतरी मापात आणण्यासाठी घाईत घातलेले.

"हा कोणी घातला होता?"

राजसी केरसुणीने भुगा गोळा करत होती. "म्हणजे?"

"कॉलर बघ."

राजसीने पाहिलं. जवळ आली नाही. केरसुणी तिच्या हातात तशीच राहिली.

"सईने," ती शेवटी म्हणाली. "माझ्या ॲनिमेशनच्या क्लासमधली."

"कुठे?"

"तिथेच. मागच्या वर्षी."

खाली रस्त्यावर भंगारवाल्याची आरोळी चालू होती. ती गल्लीच्या टोकापर्यंत जाईतो शीला कच्च्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिली.

"तू गेली होतीस."

"हो."

"गुरुवारी बाबा गेले. तू स्मशानात होतीस, राजसी. माझा हात धरून उभी होतीस. आणि रविवारी तू तिथे गेलीस."

"हो."

"मला म्हणालीस, तुझ्याशिवाय मी कसली जाते. वर्षभर म्हणतेयस. आपली पहिली वेळ, आपली पहिली वेळ."

"शीला, ते तसं नव्हतं. काकूंनी—" राजसी थांबली. ओठ आत घेतला.

"काकूंनी काय?"

"काही नाही. तेव्हा तुला विचारण्यासारखं नव्हतं, एवढंच."

"मग विचारायचं नाही. पण बाबांचा कोट कोणाच्याही अंगात घालायचा? मी नाही घातला अजून. मी! आणि तुझ्या क्लासमधली कोण ती, तिला टाके घालून मापात आणून दिलास?"

"चुकलं माझं."

"एवढंच?"

"काय म्हणू मग? चुकलं. तुला सांगायला हवं होतं." राजसीचे डोळे भरले होते, पण ती शीलाकडेच बघत होती. "तुला बघायचंय का कसा दिसला? माझ्याकडे व्हिडिओ—"

"नको मला."

शीलाने कोट उतरवला. ती घडी घालू लागली. बारा कळ्यांचा घेर घडीत मावेना. पर्सकडे वळली तर शेजारी ती कापडी पिशवी. तिने ती उचलली आणि पलंगावर ठेवून दिली.

"काकूंना सांग, दुसरीकडे टाका म्हणावं."

"आईचा काय संबंध यात?"

"आहे ना. आम्ही शिवायचं आणि तुम्ही घालायचं, हीच पद्धत ना तुमची. आम्ही शिवलेलं तेवढं चालतं तुम्हाला."

शब्द तोंडातून गेला आणि त्याचा दुसरा अर्थ दोघींना एकदमच ऐकू आला. राजसीचा चेहरा पांढरा पडला. शीलाच्या घरी ती शीलाच्या ताटात जेवली होती, भीमजयंतीला निळा फेटा बांधून तिच्याबरोबर नाचली होती, शंकररावांच्या पायांना तेल लावलं होतं. यातलं काहीही ती बोलली नाही. खाली वाकून तिने केर सुपात भरला.

शीला पोहे न खाताच निघाली.

घरी आल्यावर कोट तिने पलंगाखालच्या पेटीत ठेवला. आई कारखान्यात माल पोहोचवायला गेली होती. उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या त्या खोलीत मशीन, पलंग, ओटा आणि भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि बाबांचा फोटो, एवढंच काय ते होतं. शीला फोटोकडे पाठ करून भाजी चिरत बसली.

"कोट बघितलास?" आल्या आल्या आईने विचारलं.

"हो."

"बसतो ना नीट?"

"बसतो."

"मग कधी आहे ती तुमची जत्रा?"

"आई, मी नाही जाणार."

अंजनाने चप्पल काढता काढता तिच्याकडे पाहिलं. पुढे काही विचारलं नाही. पोरीला अजून बाबांचं जड जातंय, असं तिने धरलं असावं. पण दोन-तीन दिवसांनी पुन्हा विषय काढला. मग पुन्हा. चेन लावता लावता, पोळ्या लाटता लाटता. शेजारच्या सिंधी बाईंशी बोलतानासुद्धा ती मुद्दाम शीलाला ऐकू जाईल असं म्हणे, "इसके पप्पाने इतना अच्छा काटा है, और ये पहनती नहीं."

शीला अंबरनाथला एका रंगाच्या कंपनीत ऑफिसात होती. सकाळी जायची, संध्याकाळी यायची. दिवसातून कितीदा तरी तिचा हात फोनकडे जायचा. काही गमतीचं दिसलं की ते पाठवायला एकच माणूस होतं, आणि ते आता नव्हतं. राजसीचा एकही निरोप आला नाही. ती माफी मागेल, निदान एकदा घरी येईल, असं शीलाला आतून वाटत होतं. आली की काय बोलायचं, हेही तिने ठरवून ठेवलं होतं. स्वतः बोललेलं ते एक वाक्य मात्र ती स्वतःशीसुद्धा पुन्हा उच्चारत नव्हती. जेव्हा आठवे तेव्हा डागाची आठवण घट्ट धरून ठेवी, म्हणजे वाक्य बुडून जाई.

मेळ्याचा रविवार उजाडला. आईने सकाळीच डोक्यावरून पाणी घेतलं, पांढरी साडी नेसली, बाबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. मग पलंगाखालची पेटी ओढून कोट बाहेर काढला आणि इस्त्री गरम करायला ठेवली.

"राहू दे आई."

"अजून उशीर झालेला नाही. राजसीला फोन कर. थांबेल ती."

"मी तिच्याबरोबर कुठेही जाणार नाही."

"भांडलात?"

शीला ओट्याशी उभी होती. पंधरा दिवस कोंडून ठेवलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं. "तिने बाबांचा कोट दुसऱ्या मुलीला घालायला दिला. मागच्या वर्षी. आपण इथे रडत बसलो होतो, आणि ती तिकडे हा घेऊन मिरवत होती. मला वर्षभर खोटं सांगितलं. कॉलर बघ, अजून डाग आहे त्या मुलीच्या मेकअपचा. बाबांनी मरता मरता कापला तो, आणि तिला काय, नुसता कपडा!"

आईने इस्त्रीचं बटण बंद केलं. मशीनसमोरच्या स्टुलावर ती हळूहळू बसली, कंबरेला हात लावून.

"कोट मी दिला," ती म्हणाली.

"ठेवायला दिलास. माहितीये."

"ठेवायला नाही. घालायला." अंजना मांडीवरच्या कोटाची कळी बोटांनी सरळ करत राहिली. "तू झोपली होतीस. दवाखान्यातून आल्यापासून तुझा डोळा लागला नव्हता, म्हणून सगुणामावशीने तुला शेजारी तिच्या घरी नेऊन झोपवलं. राजसी आली. हा तिथे खिळ्याला अडकवलेला होता. मला तो बघवेना. जिकडे बघावं तिकडे तो. उभा माणूसच वाटायचा. मी तिला म्हटलं, घेऊन जा हा घरातून."

शीलाने हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं.

"ती नको नको म्हणाली. शीलाला विचारते म्हणाली. मीच तिला शपथ घातली. म्हटलं, रविवारी तुमची ती जत्रा आहे ना, तिथे घेऊन जा. कोणाला होईल त्याला घाल. त्यांनी एवढा जीव ओतला, एकदा तरी लोकांनी बघू दे. नाहीतर असाच खिळ्याला राहील. आणि शीलाला सांगू नकोस, तिला वाटेल आईने चार दिवसांतच बाबाचं काम घराबाहेर काढलं." तिने वर पाहिलं. "मला वाटलं, पुढे कधीतरी मीच तुला सांगीन. मग जमलंच नाही बाई. रोज म्हणायची, आज सांगते."

बाहेर पाणी आलं होतं. गल्लीत बादल्यांचा आवाज चालू होता. रोज त्या वेळी शीला आधी धावायची. आज दोघींपैकी कोणी हललं नाही.

"तिने मला सांगितलं नाही," शीला म्हणाली. "मी एवढं विचारलं तरी सांगितलं नाही."

"शपथ घातली होती ना मी."

अंजनाने ब्लाउजमधून आपला फोन काढला. काच एका कोपऱ्यात फुटलेली, त्यावर पारदर्शक टेप. तिला मोठे निरोप लिहिता येत नसत, फोटो पाठवता येत नसत. पण आता तिचं बोट न अडखळता तीन ठिकाणी पडलं आणि व्हिडिओ उघडला.

"त्याच दिवशी पाठवला होता तिने. तू ऑफिसला गेलीस की बघते मी."

शीला तिच्याशेजारी जमिनीवर बसली. एवढ्याशा पडद्यावर भलामोठा हॉल. रंगीबेरंगी केसांची, पंखांची, शिंगांची माणसं. त्यांच्यामध्ये अर्धा मुखवटा लावलेली एक गोरी, किडकिडीत मुलगी, अंगात निळा कोट. शीलाने दात आवळले. मग मुलगी वळली.

कोट उघडला. बाराच्या बारा कळ्या एकमेकींपासून सुटल्या, गोल उठल्या, आणि मुलगी थांबल्यानंतरही क्षणभर हवेत राहून एकेक करत खाली आल्या. आजूबाजूची माणसं थांबली. कोणी तरी ओरडलं. मुलीने पुन्हा गिरकी घेतली. शीलाचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. आपला बाप जमिनीवर बसून, भिंतीला टेकून, कापडावर खडूची रेघ मारताना हे असं बघत होता, हे तिला आत्ता कळत होतं.

फोनमधून कोणा मुलाचा आवाज आला. "मस्त है यार. किधर से मंगाया? ऑनलाइन?"

"नहीं." हा राजसीचा आवाज होता, कॅमेऱ्याच्या मागून, अगदी जवळचा. "शंकरराव मास्टरने काटा है. उल्हासनगर."

"कौन?"

"शंकरराव मास्टर. और अंजना काकूने सिला है. ये मेरी फ्रेंड का है, वो अगले साल खुद पहनके आएगी." मग चित्र हललं, छत दिसलं, दिवे दिसले. आवाज फुटला. "सई, फीर ना परत. एकदा फीर. काकूंना पाठवायचाय."

तिथे व्हिडिओ संपला.

"इथे रडते बघ ती," अंजना म्हणाली. "दर वेळी मला वाटतं, आता नाही रडणार." आणि तिने पुन्हा सुरू केला. नाव आलं तिथे तिचे ओठ आवाज न करता हलले.

दुसऱ्यांदा संपल्यावर आईने फोन पदराला पुसला. "तू काही बोललीस का तिला? लागेलसं?"

"नाही फार," शीला म्हणाली.

"मग कर फोन. आजचा दिवस आहे अजून."

शीला फोन घेऊन दाराबाहेर आली. पाण्याची रांग ओलांडून जिन्याच्या कोपऱ्यात उभी राहिली. बराच वेळ घंटी वाजत राहिली. राजसी मेळ्यात असेल, तिथे ऐकू जाणार नाही, असं तिला वाटलं, आणि तेवढ्यात फोन उचलला गेला. मागे मेळ्याचा गलका नव्हता. कुकरची शिट्टी होती.

"तू गेली नाहीस?"

"नाही."

"राजसी, आईने आत्ता सांगितलं. व्हिडिओ बघितला मी."

पलीकडे कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

"काकूंना सांग, मी काही सांगितलं नव्हतं," राजसी म्हणाली.

"माहितीये मला. तिलाही माहितीये. राजसी, मी त्या दिवशी—"

"ठीक आहे."

"ठीक नाहीये. मी जे बोलले ते मला... ते मनात नव्हतं माझ्या."

"होतं गं कुठेतरी. नाहीतर इतकं पटकन आलं नसतं." तिचा आवाज रागाचा नव्हता. थकलेला होता, खूप वेळ रडून झाल्यावर असतो तसा. "मी खूप प्रयत्न केला, शीला. दोनदा तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परत गेले. वर यायचं म्हटलं की वाटायचं, आता मी काकूंच्या हातचा चहा घेतला तरी तू बघत राहशील, मी कशी घेते ते. आणि मीही बघत राहीन. पाच वर्षांत मला हे कधी सुचलं नव्हतं. आता जातच नाही डोक्यातून."

शीलाने जिन्याच्या गजाला कपाळ टेकवलं. "मी येऊ तिकडे?"

"नको."

"राजसी."

"तू कोट घालून जा एकदा. काकांसाठी. मी नसले तरी." मग थोडं थांबून, "ठेवते. भात उतरवायचाय."

फोन बंद झाला. खालच्या मजल्यावर कोणाची तरी बादली भरून वाहत होती, बाया एकमेकींना हाका मारत होत्या. शीलाने नळाखाली हात धरला, तोंड धुतलं, ओढणीने नीट कोरडं केलं. मग आत गेली.

अंजना मशीनवर बसली होती, पण मशीन बंद होतं. ती दाराकडेच बघत होती. वर्षभराचं ओझं उतरलेलं माणूस बसतं तशी, हात मांडीवर सैल सोडून.

"काय म्हणाली?"

"तुझी कंबर कशी आहे विचारत होती."

आईचा चेहरा उजळला. "बघ. मनात धरून ठेवणारी पोर नाहीच ती. रागावली नाही ना माझ्यावर?"

"नाही गं. तुझ्यावर कशाला?"

"जेवायला ये म्हणायचंस ना."

"म्हटलं," शीला म्हणाली. "येते म्हणाली."

"मग गुरुवारी सुकटीची चटणी करू. आवडते तिला." अंजनाने जीन्सचा गठ्ठा जवळ ओढला, चष्मा चढवला आणि सुईच्या नेढ्याशी दोरा नेला. दोन वेळा तो बाजूने गेला. शीला तिच्यापुढे बसली, तिच्या हातातून दोऱ्याचं टोक घेतलं, ओठांनी ओलं केलं आणि ओवून दिलं.